वाटाड्याच्या घरची भाकर

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत सुटीचा एक नवा प्रकार रूढ होत चालला आहे. आठ-दहा दिवस डोंगराळ मुलुखांत पायीं हिंडावयाचें, बरोबर त्याच मुलुखांतला वाटाड्या घ्यावयाचा, आणि मुक्कामाच्या गांवीं जें शिजेल तें खावयाचें, असें तिचें स्वरूप असतें. सह्याद्रीपासून हिमालयापर्यंत आणि तेथून युरोपांतील आल्प्सपर्यंत अशा सफरींच्या जाहिराती दिसतात, आणि ओळखीचीं माणसें आम्हांस विचारतात कीं, या सुटींत नेमकी अपेक्षा कशाची धरावी? कोणते बूट घ्यावे व किती कपडे बांधावे हें जाहिरातींत लिहिलेलेंच असतें. विचारणारांच्या मनांत निराळीच शंका असते. परक्याच्या मागें चालावयाचें आणि परक्याच्या चुलीवरचें खावयाचें, या दोन गोष्टी आपल्याला कितपत मानवतील, ही ती शंका होय. तिचें उत्तर प्रवाशांच्या इतिहासांत मिळतें असें आम्हांस वाटतें. म्हणून तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या सुटीचें साधें वर्णन करूं. दिवसाची मजल सामान्यतः दहापासून वीस किलोमीटरपर्यंत असते. चढउतार धरून तिला पांच ते सात तास लागतात. जड सामान खेंचर, हमाल किंवा मोटार पुढच्या मुक्कामीं नेऊन पोंचवते. प्रवाशाच्या पाठीवर पाणी, पावसाळी अंगरखा व थोडा खाऊ एवढेंच राहतें. रात्रीं एखाद्या घराच्या पडवींत किंवा लहानशा खानावळींत पथारी पडते. पहिले दोन दिवस पोटऱ्या दुखतात. तिसऱ्या दिवशीं पायांना आपली लय सांपडते. या साऱ्या व्यवस्थेचा भार दोन माणसांवर असतो: वाट दाखविणारा आणि चूल पेटविणारी. पैकीं पहिल्याची योग्यता प्रवाशाला फार लवकर कळली. वाटाड्याची वाट त्यानें विनातक्रार पत्करली. त्याची भाकर पत्करावयास मात्र त्याला दोन शतकांहून अधिक काळ लागला.

आल्प्स पर्वतांत माँ ब्लाँ या शिखराच्या पायथ्याशीं शामोनी नांवाचें खोरें आहे. इ. स. १७४१ च्या उन्हाळ्यांत विंडहॅम व पोकॉक हे दोन इंग्रज गृहस्थ जिनीव्हाहून कांहीं मित्रांसह तें पाहावयास निघाले. डोंगरांतले लोक रानटी असतील या समजुतीनें मंडळींनीं शस्त्रें घेतलीं, नोकर घेतले, आणि वाटेंत कांहीं मिळणार नाहीं म्हणून शिधाही बरोबर बांधला. प्रत्यक्षांत तेथील शेतकरी शांत व सौजन्यशील निघाले. हे शेतकरी उन्हाळ्यांत कडेकपारींतून स्फटिक शोधीत व रानबकऱ्यांची शिकार करीत. त्यामुळें हिमनदीपर्यंतची वाट त्यांना पाठ होती. त्यांपैकीं कांहींना वाटाडे नेमलें आणि कांहींच्या पाठीवर खाद्यपेयें दिलीं. बर्फाच्या कडेला पोंचल्यावर इंग्रज मंडळींनीं आपल्याच मद्याचा पेला उचलून आपल्याच ॲडमिरल व्हर्ननच्या आरोग्याचें चिंतन केलें! डोंगर परक्यांचा होता, पाय परक्यांचे होते; पण पेला, पक्वान्न आणि शुभचिंतन हें सारें घरून आणलेलें होतें. या एका प्रसंगांत पुढच्या दोनशें वर्षांच्या पर्यटनाचें बीज आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढें जिनीव्हाचे शास्त्रज्ञ होरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनीं माँ ब्लाँच्या माथ्यावर जाण्याची वाट शोधणारास बक्षीस जाहीर केलें. ८ ऑगस्ट १७८६ रोजीं शामोनीचाच वैद्य मिशेल-गाब्रिएल पाकार आणि तेथलाच स्फटिक शोधणारा जाक बाल्मा हे दोघे शिखरावर पोंचले. दुसऱ्या वर्षीं स्वतः सोस्यूर अठरा वाटाडे घेऊन वर गेले. एका विद्वानाच्या मागेंपुढें अठरा डोंगरी माणसें हें प्रमाण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मार्गदर्शनाचा धंदा येथून उभा राहिला, आणि त्याची किंमतही लवकरच चुकवावी लागली. १८२० च्या ऑगस्टांत हॅमेल नांवाचे एक रशियन शास्त्रज्ञ सोबती व वाटाडे घेऊन त्याच शिखरावर निघाले. हवा बिघडली, ताजें बर्फ पडलें. मंडळींपैकीं एका गृहस्थांनीं पुढें न जाणें पसंत केलें, बाकीचे गेले. वरच्या उतारावरचें बर्फ सरकलें आणि तीन वाटाडे खोल भेगेंत गाडले गेले. ज्यांच्या हौसेसाठीं ते वर चढले होते ते प्रवासी वांचले. त्या तिघांचे अवशेष हिमनदीच्या संथ गतीबरोबर सरकत सरकत एकेचाळीस वर्षांनीं, म्हणजे १८६१ सालीं, तिच्या खालच्या टोकाशीं वर आले.

या आघातानंतर दुसऱ्याच वर्षीं, १८२१ सालीं, शामोनीच्या वाटाड्यांनीं आपला संघ स्थापन केला. अशा संघांत तो जगांतला सर्वांत जुना समजला जातो. त्याच्या नियमांत दोन तत्त्वें मुख्य होतीं. वाटाड्यांनीं पाळीपाळीनें कामास जावयाचें, म्हणजे एकाच्याच घरीं सारा पैसा जाणार नाहीं, हें पहिलें. आणि अपघातांत सांपडलेल्यांस व त्यांच्या कुटुंबांस साह्य करण्यासाठीं एक निधि ठेवावयाचा, हें दुसरें. पाळीचा नियम कित्येक प्रवाशांना जाचक वाटला; आपल्याला हवा तो वाटाडी निवडतां येत नाहीं अशी त्यांची तक्रार असे. तक्रारींत तथ्य होतें, परंतु ती करणारानें हेंही पाहावयास हवें होतें कीं, त्या खोऱ्यांत वाटाडेपण ही सगळ्या गांवाची शेती होती, आणि शेतीचें पाणी पाळीनेंच सोडावें लागतें.

आल्प्समधील या धंद्याचें आणखी एक वैशिष्ट्य आमच्या वाचकांस विशेष वाटेल. तेथील वाटाड्याजवळ एक लहानशी वही असे. सफर संपली कीं प्रवाशानें तींत आपला अभिप्राय लिहावयाचा, आणि पुढच्या प्रवाशानें तो वाचून त्याला कामावर घ्यावयाचें, असा परिपाठ होता. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरापासून काशी-हरिद्वारापर्यंत तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्धच आहेत. पण दोहोंत भेद केवढा! तीर्थोपाध्याय यात्रेकरूचें कुळ, गांव व पिढ्या लिहून घेतो. आल्प्सचा वाटाडी प्रवाशाकडून स्वतःविषयीं लिहून घेतो. एका वहींत आलेल्याची ओळख राहते, दुसरींत नेणाऱ्याची. दोन्ही वह्या एकत्र ठेवल्या तरच प्रवासाचा हिशेब पुरा होईल. कारण वाटेवर दोघांनींही एकमेकांची परीक्षा केलेली असते.

आतां दुसऱ्या प्रकारच्या मार्गदर्शकाकडे वळूं. टॉमस कुक यांनीं १८४१ सालीं मद्यपाननिषेधाच्या एका सभेसाठीं लेस्टरहून लफबरोपर्यंत एका शिलिंगांत लोकांस आगगाडीनें नेलें, आणि तेथून त्यांच्या प्रवासव्यवसायाचा आरंभ झाला. २६ जून १८६३ रोजीं त्यांची पहिली स्वित्झर्लंडची सफर लंडनहून निघाली. तींत यॉर्कशरकडील मिस जेमायमा मॉरेल नांवाची एक मध्यमवर्गीय तरुणी होती. तिची रोजनिशी पुढें हरवली, दुसऱ्या महायुद्धानंतर सांपडली, आणि सफरीच्या शताब्दीला, १९६३ सालीं, छापून निघाली. त्या काळच्या घोळदार पोशाखांत ती व तिच्या मैत्रिणी हिमनदी ओलांडून गेल्या, गेमी घाट पार करून गेल्या, रिगी पर्वत चढल्या. तोंवर डोंगर ही सरदारांची व शास्त्रज्ञांची मिरास होती. ती आतां नोकरीपेशाच्या माणसांनाही मोकळी झाली. या उपकाराबद्दल कुक यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

तथापि येथें एक फाटा फुटला. शामोनीचा वाटाडी डोंगर ओळखणारा होता. कुक यांच्या पद्धतीचा मार्गदर्शक वेळापत्रक ओळखणारा होता. १८६८ पासून कुक यांनीं हॉटेलांतील निवास व जेवण यांसाठीं आगाऊ विकत घ्यावयाच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. चिठ्ठी दाखविली कीं ठराविक जेवण मिळे. सोय मोठी होती, पण जेवण ठराविक होण्यासाठीं तें सगळीकडे सारखेंच होणें भाग होतें. मोठमोठीं हॉटेलें उठलीं, लांब टेबलें मांडलीं गेलीं, आणि डोंगराच्या कुशींत शहरी पद्धतीचीं पक्वान्नें वाढलीं जाऊं लागलीं. त्याच वेळीं कोसभर अंतरावरच्या गांवांत काय शिजत होतें? व्हाले परगण्यांतील खेड्यांत राय नांवाच्या धान्याची भाकर गांवच्या सामाईक भट्टींत वर्षांतून दोन-तीन वेळांच भाजीत, आणि ती वाळवून महिनेच्या महिने पुरवीत. तिच्याबरोबर उन्हाळी कुरणांवर केलेलें चीज असे. प्रवासी त्या गांवांतून गेला, तेथल्या माणसाच्या खांद्यावर सामान देऊन गेला. पण जेवावयास हॉटेलांत गेला. आज तेंच चीज विस्तवापुढें वितळवून बटाट्यावर खरवडून घेणें ही स्वित्झर्लंडांतील मोठी मौज समजली जाते. गवळ्यांचें खाणें पाहुण्यांच्या पानांत मानानें यावयास एवढा काळ जावा लागला!

शंभर वर्षांनीं हाच प्रयोग हिमालयांत फिरून झाला. नेपाळ १९५० च्या सुमारास परदेशी प्रवाशांस खुला झाला. गुरखा पलटणींतून निवृत्त झालेले लेफ्टनंट कर्नल जेम्स रॉबर्ट्स यांनीं १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत ऑक्सिजनचा साठा पोंचविण्याचें काम केलें होतें. १९६४ सालीं त्यांनीं काठमांडूंत पदयात्रांची व्यवस्था करणारी पहिली संस्था काढली, आणि १९६५ सालीं तीन अमेरिकन स्त्रियांची पहिली तुकडी एव्हरेस्टच्या वाटेवर नेली. रॉबर्ट्स यांनीं मोहिमेचा साराच सरंजाम या सुटीला लावला. पुढें शेरपा नाईक, मागें हमालांची रांग, मुक्कामीं तंबू, मांडलेलें टेबल, आणि पहांटे तंबूच्या दारीं चहा. चहा आणणारा शेरपाच असे, स्वयंपाक करणाराही शेरपाच असे. पण शिजे तें पाहुण्याच्या देशचें. १७४१ सालीं शामोनीच्या शेतकऱ्यानें परक्याचा शिधा नुसता वाहिला होता. येथें डोंगरी माणूस परक्याचें अन्न रांधूंही लागला. स्वतः तो आपल्या घोळक्यांत बसून बटाटे किंवा भात खाई. एकाच मुक्कामावर दोन चुली पेटत, आणि त्या दोन चुलींमधलें अंतर चालून जाण्याची कल्पना कोणाला सहसा सुचत नसे.

हें अंतर ज्यांनीं तोडलें त्या बायका होत्या, आणि त्यांनीं तें कोणत्याही सिद्धान्तासाठीं तोडलें नाहीं. अन्नपूर्णा व धवलगिरी यांच्यामधून काली गंडकी नदी वाहते. तिच्या कांठानें तिबेटचें मीठ खालीं येई आणि खालचें धान्य वर जाई. या वाटेवरचे थकाली लोक जुने व्यापारी. त्यांच्या बायका वाटसरूंसाठीं खानावळी चालवीत, त्यांना तिकडे भट्टी म्हणतात. १९५९ नंतर तिबेटशीं होणारा व्यापार आटला, तेव्हां हमाल व व्यापारी यांच्या जागीं पाठीवर पिशवी घेतलेले परदेशी तरुण येऊं लागले. त्यांच्यापाशीं तंबू नव्हता, स्वयंपाकी नव्हता, आणि पैसेही बेताचे होते. ते भट्टींत शिरले, चुलीशेजारीं बसले, आणि जें घरांत शिजलें होतें तें त्यांनीं खाल्लें: डाळ, भात, पालेभाजी, आंबवून वाळविलेल्या पाल्याचें गुंद्रुक, आणि भात नसेल तेथें फापराच्या किंवा कोदोच्या पिठाचें धिंडो. गरिबीनें जें घडविलें तें दीडशें वर्षांच्या सुबत्तेला घडवितां आलें नव्हतें.

या डाळभातामागें एक अर्थशास्त्रही आहे, आणि प्रवाशानें तें समजून घेणें अगत्याचें आहे. घरांत एक हंडा भात व एक भांडें डाळ चढली कीं दहा माणसें जेवतात, आणि वाढपही मागेल तितकें होतें. त्याच दहा माणसांनीं दहा निरनिराळे पदार्थ मागितले तर चूल तीन-चार तास जळत राहते. थंड व उंच प्रदेशांत झाड वाढावयास अनेक वर्षें लागतात. तेथें यादी पाहून जेवण मागविणें म्हणजे एका परीनें रान मागविणेंच होय. अन्नपूर्णेच्या परिसरांत १९८६ सालीं संरक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हां त्याला हाच प्रश्न प्रथम हातीं घ्यावा लागला. उंचावरच्या भागांत लाकडाऐवजीं रॉकेल वापरण्याचा नियम झाला, खानावळवाल्यांच्या समित्या झाल्या, आणि पदार्थ व दर ठरवून देण्यांत आले. म्हणून त्या मुलुखांत सर्वांबरोबर एकाच वेळीं व एकच अन्न जेवणारा पाहुणा हा सर्वांत स्वस्त व सर्वांत शहाणा पाहुणा ठरतो.

येथें कोणी विचारील कीं, स्थानिक अन्न म्हणतात तें तरी खरोखर कितपत स्थानिक असतें? प्रश्न रास्त आहे. शेरपांच्या खुंबू प्रदेशांत बटाटा आला तो एकोणिसाव्या शतकांत. आज बटाट्याशिवाय शेरपाचें घर कल्पितां येत नाहीं. काली गंडकीच्या कांठीं मार्फा गांवचीं सफरचंदें प्रसिद्ध आहेत, पण तेथील सरकारी फळबाग १९६६ सालची आहे. आणि आपल्या झुणक्यांतली मिरची तरी कोठची? ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेंतून आली. अन्नाचें स्थानिकत्व त्याच्या जन्मावर ठरत नसून तें कोणाच्या शेतांत पिकतें, कोणाच्या हातानें शिजतें आणि त्याचे पैसे कोणाच्या घरीं राहतात यांवर ठरतें, असें आमचें मत आहे. या कसोटीला मार्फाचें सफरचंद पूर्णपणें उतरतें, आणि शहरांतून पाठीवर वाहून आणलेला डबाबंद पदार्थ, तो वाढणारा हात कितीही डोंगरी असला तरी, उतरत नाहीं.

असो. हा सारा इतिहास परदेशचा झाला. आपल्या घरचा इतिहास पाहूं गेल्यास चित्र अधिकच विलक्षण दिसतें. पायीं चालण्यांत महाराष्ट्रीयांना कोणाकडून शिकावयाचें नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि बंडाच्या धामधुमींतून चालत परत आले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि मराठी घरांतून तो अद्यापि वाचला जातो. त्या काळच्या ब्राह्मण प्रवाशाची मोठी विवंचना रस्त्याची नसे, स्वयंपाकाची असे. वाट कोणीही दाखवावी, पण पाणी कोणाचें व हात कोणाचा हें विचारल्यावांचून घांस घशाखालीं उतरत नसे. शस्त्रें घेतलेल्या विंडहॅमसाहेबांचा शिधा भीतीपोटीं होता, आमचा सोवळ्यापोटीं, परिणाम एकच.

आणि वारी? आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारें अडीचशें किलोमीटर चालत जाणारा हा समाज म्हणजे जगांतील मार्गदर्शित पदयात्रेचा एक थोर नमुना होय. हैबतबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकांत ज्ञानेश्वरांच्या पालखीला जी शिस्त घालून दिली, तींत दिंड्यांचा क्रम, विसाव्याच्या जागा, मुक्काम, चोपदार, सारें कांहीं बांधलेलें आहे. वाटेवरचीं गांवें वारकऱ्यांस भाकरी घालतात, आणि तें आपलें भाग्य समजतात. परंतु इरावती कर्वे यांनीं वारींत चालून 'वाटचाल' हा निबंध लिहिला, त्यांत एक बोच नोंदली आहे. एकाच दिंडींतले ब्राह्मण व मराठे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, पण जेवावयास मात्र निरनिराळे बसत. दिवसभर पावलें जुळली, सूर जुळले, आणि पानें मात्र जुळलीं नाहींत. ही बोच आतां बहुतेक ठिकाणीं बोथट झाली असली तरी तिची आठवण ठेवणें बरें. कारण चालण्याहून जेवणें ही आमच्या समाजाला किती अवघड गोष्ट होती याचा तो पुरावा आहे.

आज सोवळें गेलें, पण शिधा बांधण्याची संवय गेली आहे काय? परदेशीं जाणाऱ्या कित्येक मराठी सहली स्वयंपाकी बरोबर नेतात आणि आल्प्सच्या पायथ्याशीं पुरणपोळी वाढण्याचें अभिवचन देतात. वृद्धांना व पथ्याच्या माणसांना ही मोठी सोय आहे, आणि तिचा उपहास करण्याचें आम्हांस कारण नाहीं. मांस न खाणाऱ्या कुटुंबांची अडचणही खरी आहे. परंतु चालत जाण्याच्या सुटींत ती अडचण पुष्कळ अंशीं आपोआप दूर होते, कारण डोंगरी माणसाचें रोजचें अन्न बहुधा धान्य, डाळ, पाला व दूध हेंच असतें. मांस तेथें सणावाराचें. निघण्यापूर्वीं एक शब्द सांगून ठेविला म्हणजे काम भागतें. शिकरणीचा हट्ट धरून बसणें मात्र डोंगरांत शोभत नाहीं.

सह्याद्रींतही हा बदल डोळ्यांसमोर घडत आहे. हरिश्चंद्रगडाखालचें पाचनई, कळसूबाईच्या पायथ्याचें बारी, राजगडाखालचें गुंजवणें अशा गांवांतून गड पाहावयास येणाऱ्यांना घरोघरीं पिठलें-भाकरी मिळते. शिवकाळापासून ज्या मावळच्या व डांगाणच्या माणसांनीं या वाटा राखल्या, त्यांचेच वंशज आज वाटाडे होतात, आणि त्यांच्या घरांतल्या बाया पहांटे उठून नाचणीच्या किंवा तांदळाच्या भाकरी थापतात. कधीं कधीं पाहुण्याला आपलें अन्न आवडणार नाहीं या संकोचानें त्या झटपट शेवयांची पुडी पुढें करतात. अशा वेळीं पाहुण्यानें नम्रपणें म्हणावें, 'मावशी, तुमच्या घरांत आज जें केलें असेल तेंच आम्हांला वाढा.' या एका वाक्यानें त्या घरचा संकोच जितका जातो तितका बक्षिसीच्या नोटेनें जात नाहीं.

भाकरीचा विचार असा संपला तरी वाटाड्याच्या जिवाचा विचार राहतोच, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १८२० सालीं माँ ब्लाँवर तीन वाटाडे गेले. १८ एप्रिल २०१४ रोजीं एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामकरी मृत्युमुखीं पडले. ते इतरांसाठीं सामान वाहत होते व वाट तयार करीत होते. सरकारनें आरंभीं प्रत्येक कुटुंबास ४०,००० नेपाळी रुपये देऊं केले, तेव्हां शेरपांचा संताप उसळला आणि त्या हंगामांतल्या मोहिमा थांबल्या. सुटीच्या पायवाटेवर असे प्रसंग क्वचित् येतात हें खरें. तरी पाहुण्याच्या हौसेचा भार प्रथम कोणाच्या अंगावर पडतो हें दोन्ही प्रसंगांनीं सारखेंच दाखविलें. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रिकांनीं परवाना असलेला वाटाड्या घेतलाच पाहिजे असा नियम नेपाळनें जाहीर केला. खुंबूच्या स्थानिक पालिकेनें मात्र तो आपल्या हद्दींत मानला नाहीं. नियम असो वा नसो, वाटाड्याचा विमा आहे काय, त्याच्या अंगावर पुरेसे गरम कपडे आहेत काय, आणि हमालाच्या पाठीवर किती ओझें आहे, हें विचारणें प्रवाशाचें कर्तव्य आहे. जाहिरातींत या गोष्टी नसतात. म्हणूनच त्या विचारावयाच्या.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अशा सुटींत अपेक्षा कशाची धरावी? वाटाड्यापासून संथ गतीची धरावी. चांगला वाटाड्या सकाळीं इतका हळूं चालतो कीं तरुणांना त्याचा राग येतो, आणि संध्याकाळीं तेच तरुण त्याचे आभार मानतात. हिमालयांत तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर एका दिवसांत मुक्कामाची उंची पांचशें मीटरांहून अधिक वाढवूं नये आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा, हा ठरलेला नियम आहे. तो पाळावयास लावणारा वाटाडी कठोर वाटला तरी हितकर्ता समजावा. त्यानें परत फिरावयास सांगितलें तर वाद घालूं नये. पैसे आपण मोजले म्हणून हवा आपल्या बाजूची होत नसते. चुलीपासून विविधतेची अपेक्षा धरूं नये; ताजेपणाची धरावी. तेंच अन्न चार दिवस आलें तर पांचव्या दिवशीं त्यांतला भेद कळूं लागतो: या गांवच्या डाळींत जिंबू नांवाचा डोंगरी पाला आहे, त्या गांवच्या ठेच्यांत लसूण अधिक आहे. आणि दराची घासाघीस करूं नये. शहरांतल्या उपाहारगृहांत न बोलतां दिलेली रक्कम डोंगरांतल्या बाईकडून दहा रुपयांनीं कमी करून घेण्यांत कोणता पुरुषार्थ आहे?

पण अपेक्षा हा दुहेरी शब्द आहे. ज्याच्या मागें आपण चालतों तोही आपल्यापासून कांहीं अपेक्षितो. त्याला आपलें कौतुक नको असतें; वेळेवर उठणारा, खोटें न सांगतां दमलों असें सांगणारा, वाटेवर कचरा न टाकणारा आणि ताटांतलें न सांडणारा सोबती त्याला हवा असतो. आल्प्सच्या वाटाड्यांच्या वह्यांत प्रवाशांनीं आपापले अभिप्राय लिहून ठेविले. प्रवाशांविषयीं वाटाड्यांनीं लिहिलेली वही मात्र कोणी छापली नाहीं. ती असती तर तींत आपल्याविषयीं काय लिहिलें गेलें असतें, हा विचार मनांत ठेवून जो घराबाहेर पडेल त्याची सुटी चांगली जाईल, आणि पुढच्या वर्षीं त्याच गांवांत तो गेला तर त्याच्यासाठीं एक भाकर अधिक थापली जाईल.